विश्लेषण : देवनारच्या बकरी बाजारात शेवटच्या रांगेपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचावे यासाठी काय करायला हवे?

बकरी ईदच्या आधीचे दोन आठवडे देवनार पशुवधगृहाच्या आवारात एक तात्पुरते गाव वसते. १९७१ साली सुरू झालेल्या या ६४ एकरांच्या जागेत राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून व्यापारी उतरतात. लाखाहून अधिक शेळ्या-मेंढ्या आणि हजारो म्हशी-रेडे इथे आणले जातात. महापालिका तात्पुरते मंडप, पाणी, दिवे, सीसीटीव्ही अशी व्यवस्था उभी करते. व्यापारी मात्र माल विकला जाईपर्यंत जनावरांजवळच राहतात, तिथेच जेवतात आणि तिथेच झोपतात.

अशा गावाला वीज लागते. दिवे, पंखे, कूलर, पाण्याची मोटर, हिशोबाचा आणि पैसे घेण्याचा मोबाइल, सगळे विजेवर चालते. पण तात्पुरत्या वसाहतीत वीज ‘आहे’ म्हणजे ती ‘पुरेशी’ आहे असे नसते. मीटरजवळचा पंखा जोरात फिरतो आणि शेवटच्या रांगेतला रडतखडत फिरतो. पंढरपूरच्या ६५ एकर परिसरातले वारकऱ्यांचे तंबू असोत, गणेशोत्सवाचा मंडप असो किंवा नाशिकच्या सिंहस्थाचे साधुग्राम, हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. तो सुटायचा असेल तर विजेचा दर्जा मीटरजवळ मोजून थांबता कामा नये. तो शेवटच्या पॉइंटवर मोजला पाहिजे आणि कंत्राटदाराचे बिल त्या आकड्याशी जोडले पाहिजे.

कमी व्होल्टेज म्हणजे किती कमी?

घरगुती सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्टचा असतो. वीजपुरवठ्याच्या नियमांनुसार त्यात ६ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. म्हणजे व्होल्टेज साधारण २१६ ते २४४ या पट्ट्यात हवे. त्याखाली गेले तर वीज कंपनीकडे तक्रार करता येते.

इथे एक मेख आहे. हा निकष कंपनीचा पुरवठा जिथे सुरू होतो त्या बिंदूला, सोप्या भाषेत मीटरला लागू होतो. मीटरच्या पुढची वायर ज्याची, जबाबदारी त्याची. घरात ही वायर २०-३० मीटरची असते. मोठ्या मैदानात ती १००, २०० मीटरवर जाते. मीटरवर नियमात बसणारे व्होल्टेज शेवटच्या मंडपात २०० च्या खाली गेले, तरी कंपनीच्या कागदावर सगळे ठीक असते. जोडणी आयोजकाच्या नावावर असते. शेवटच्या रांगेतल्या व्यापाऱ्याच्या हातात ना वीजबिल, ना ग्राहक क्रमांक. तक्रार करायची तर कुणाच्या नावाने, हाच त्याचा पहिला प्रश्न असतो.

व्होल्टेज वाटेत कुठे जाते?

तांब्याच्या वायरलाही रोध असतो. वायर जितकी लांब आणि बारीक, तितका रोध जास्त. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम असतो. १०० मीटर अंतरावर वीज न्यायची तर फेज आणि न्यूट्रल मिळून २०० मीटर वायर लागते, म्हणजे दीड ओहम. टोकाला १० अँपिअरचा लोड असेल तर वायरमध्येच १५ व्होल्ट खर्च होतात.

मीटरवर २२५ व्होल्ट आहेत, म्हणजे नियमात बसतात, असे समजू. टोकाला २१० उरतील. हेच काम १.५ चौरस मिमीच्या वायरवर भागवले तर घट २४ व्होल्टची होते आणि टोकाला २०१ उरतात. ६ चौरस मिमीची वायर टाकली तर घट फक्त ६ व्होल्टच्या आसपास राहते. कंपनी तीच, लोड तोच. फरक फक्त वायरच्या जाडीचा.

आता या ओळीवर अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर सुरू करा. चालू होताना मोटर काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. साधारण १५ अँपिअरचा जादा झटका धरला तर २.५ चौरस मिमीच्या वायरवर आणखी २२ व्होल्ट जातात. टोकाला १८८ उरतात. मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे १८८ व्होल्टवर मोटर तिच्या ताकदीचा एक तृतीयांश भाग गमावते. ती नुसती घूं-घूं करते, फिरत नाही आणि तापत जाते. शेवटी वाइंडिंग जळते. भर उन्हात हजारो जनावरे असताना पाण्याची मोटर जळणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

दिवे तर लख्ख आहेत, मग तक्रार कसली?

पूर्वी व्होल्टेज उतरले की पिवळा बल्ब मंद व्हायचा आणि सगळ्यांना कळायचे. आता तसे होत नाही. चांगल्या एलईडी दिव्यातले सर्किट कमी व्होल्टेजवरही तेवढाच उजेड देते, त्यासाठी थोडा जास्त करंट ओढते. मोबाइलचे बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. त्यामुळे दिवा लागला, फोन चार्ज झाला, म्हणजे व्होल्टेज ठीक आहे, असा समज होतो.

वायरमनच्या खिशातला टेस्टरही याबाबतीत उपयोगाचा नाही. टेस्टर वीज आहे की नाही एवढेच सांगतो. १७० व्होल्टवरही तो तसाच पेटतो. कमी व्होल्टेजचा फटका बसतो तो पंखा, कूलर, मोटर आणि फ्रीजला, आणि तो उशिरा कळतो.

आगीचा धोका कुठून येतो?

लांब वायरमधली उष्णता सगळ्या लांबीवर पसरते. खरी काळजी जॉइंटची असते. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळलेल्या सैल जॉइंटचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी १० अँपिअरला त्या एका ठिकाणी ५० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे दोन सोल्डरिंग आयर्न टेपच्या आत सतत चालू ठेवल्यासारखे झाले. शेजारी वाळलेला चारा आणि वर मंडपाचे कापड असेल तर पुढचे सांगायला नको.

अशा वेळी एमसीबी पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. सैल जॉइंट आधी दिसतो तो कमी व्होल्टेजच्या रूपात. म्हणून ‘शेवटच्या रांगेत व्होल्टेज कमी आहे’ या तक्रारीकडे गैरसोय म्हणून पाहणे चूक आहे. ती आगीची आगाऊ सूचना असू शकते.

दुसरा धोका न्यूट्रलचा. मोठ्या जागेत थ्री फेज पुरवठा घेऊन तो वेगवेगळ्या रांगांना वाटला जातो. मुख्य न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर ज्या फेजवर लोड जास्त तिथे व्होल्टेज कोसळते आणि ज्या फेजवर कमी तिथे ते ३०० च्याही वर जाऊ शकते. एका रांगेत पंखे मंदावले आणि त्याच वेळी दुसऱ्या रांगेतले वेगाने फिरू लागले, दिवे उडू लागले, तर मुख्य स्विच ताबडतोब बंद करायचा. तिथे मोजत बसू नये.

दोष कंपनीचा की वायरिंगचा, हे कसे ओळखावे?

यासाठी काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणि जाणकार वायरमन पुरेसा आहे. वेळ मात्र नेमकी निवडावी लागते. सकाळी दहाला सगळे बंद असताना मोजले तर शेवटच्या रांगेतही २३० दिसतील, कारण करंट नसेल तर घटही नसते. मोजणी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत, सगळा लोड चालू असताना करायला हवी. आकडे दोनच घ्यायचे. एक मीटरजवळच्या पॅनेलवर आणि दुसरा शेवटच्या पॉइंटवर.

- पॅनेलवरच २१६ पेक्षा कमी आहे : प्रश्न पुरवठ्याचा आहे. देवनार, गोवंडी, मानखुर्द भागात अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर या दोन कंपन्या वीज देतात. ज्या कंपनीची जोडणी असेल तिच्याकडे तक्रार करावी. अदानीचा मदत क्रमांक १९१२२ आणि टाटा पॉवरचा १९१२३ आहे. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा मार्ग आहे.
- पॅनेलवर ठीक, टोकाला कमी : वायर बारीक आहे, लोड जास्त आहे किंवा जॉइंट सैल आहे. हा विषय आयोजकाचा आणि कंत्राटदाराचा.
- एका फेजवर कमी, दुसऱ्यावर जास्त : न्यूट्रल किंवा लोडच्या वाटणीत दोष. फरक मोठा असेल तर आधी पुरवठा बंद, मग तपासणी.
- जनरेटरवर असताना सगळीकडे कमी : जनरेटरवर क्षमतेपेक्षा जास्त लोड आहे किंवा त्याचा व्होल्टेज नियंत्रक बिघडला आहे.

स्टॅबिलायझर लावून प्रश्न सुटतो का?

ज्याने लावला त्याचा सुटतो, शेजाऱ्याचा वाढतो. १९० व्होल्ट घेऊन २३० व्होल्टवर ५ अँपिअर द्यायचे असतील तर स्टॅबिलायझर ओळीतून ६ अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. जादा करंटमुळे वायरमधली घट वाढते आणि त्याच ओळीवरच्या इतरांचे व्होल्टेज आणखी उतरते. मग तेही स्टॅबिलायझर आणतात. शेवटी सगळ्यांचा भार त्याच बारीक वायरवर येतो आणि ती अधिक तापते.

हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत घरासारख्या सोयी असलेल्या मोठ्या गाड्या घेऊन लोक कॅम्पग्राउंडवर उतरतात आणि तिथल्या खांबावरच्या सॉकेटला गाडी जोडतात. तिथले व्होल्टेज १२० असते. कडक उन्हात सगळ्या गाड्यांचे एसी एकदम सुरू झाले की ते उतरते. म्हणून अनेक जण १०४ व्होल्टच्या आसपास पुरवठा आपोआप तोडणारे उपकरण बाळगतात, तर काही जण व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर लावतात आणि शेजाऱ्यांची नाराजी ओढवून घेतात.

तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेत कॅम्पग्राउंडचा लोड कसा धरायचा हेही लिहिलेले आहे. ३६ किंवा त्याहून जास्त जागा असतील तर एकूण लोडच्या ४१ टक्के भार धरून वायरिंगचा हिशोब करता येतो. सगळे जण सगळे एकदम चालू ठेवणार नाहीत, असे त्यामागचे गृहीतक आहे. उन्हाळ्याच्या दुपारी नेमके हेच गृहीतक कोसळते.

देवनारसारख्या बाजारात तर ते धरताच येणार नाही. संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचे दिवे एकदम लागतात आणि रात्रभर चालतात. पंखे तर दिवसरात्र सुरू असतात. इथे शंभर टक्के लोड धरूनच वायर निवडायला हवी.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

बकरी ईद चांद्र वर्षाप्रमाणे येत असल्याने ती दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. २०१८ मध्ये ती २२ ऑगस्टला होती, २०१९ मध्ये १२ ऑगस्टला. तेव्हा चिंता पावसाची होती. ओल्या जमिनीवर पडलेली वायर आणि शॉक. २०२४ मध्ये ईद १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला आली. २०२७ मध्ये ती मेच्या मध्यावर येईल. म्हणजे पुढची काही वर्षे हा बाजार ऐन उन्हाळ्यात भरणार. पंखे आणि कूलर वाढतील, पाण्याची मोटर जास्त वेळ चालेल. शिवाय मे महिन्यात मुंबईची विजेची मागणी एरवीच वाढलेली असते, त्यामुळे मीटरवरचे व्होल्टेजही खालच्या टोकाला राहू शकते. ऑगस्टच्या हिशोबाने आखलेली वायरिंग मे महिन्यात पुरेल, असे धरून चालता येणार नाही.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले आहे. कॅराव्हॅन पार्कमध्ये गाड्यांना वीज द्यायची तर तिथेही अंतर, लोड आणि वायरची जाडी हेच गणित येईल. नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थात ते कितीतरी पटीने मोठे होईल.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट, वीज मैदानाच्या मध्यापर्यंत थ्री फेज केबलने न्यावी आणि तिथे छोटी पॅनेल बसवून आजूबाजूच्या रांगांना वाटावी. तेवढ्याच लोडसाठी आणि तेवढ्याच जाडीच्या वायरला, तिन्ही फेजवर लोड सारखा वाटलेला असेल तर घट सिंगल फेजच्या एक षष्ठांश होते. १५ व्होल्टची घट अडीच व्होल्टवर येते. कमी व्होल्टेजवर यापेक्षा स्वस्त औषध नाही.

दुसरी, निविदेत दोन आकड्यांची अट ठळकपणे असावी. मीटरवर किमान २१६ व्होल्ट आणि मीटरपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत ५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे साधारण ११ व्होल्टपेक्षा जास्त घट नाही. चांगल्या वायरिंगमध्ये ३ ते ५ टक्क्यांच्या पुढे घट जाऊ नये, हा इंजिनीअरांचा जुनाच दंडक आहे. पहिला आकडा चुकला तर कंपनीला जाब, दुसरा चुकला तर कंत्राटदाराचे पैसे कापायचे. आज ‘कमी व्होल्टेज’ म्हटले की कंपनी कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदार कंपनीकडे बोट दाखवू शकतो. दोन आकडे लिहून ठेवले की ती पळवाट बंद होते.

तिसरी, रोज रात्री आठ वाजताचे हे आकडे प्रत्येक पॅनेलवरच्या फळ्यावर लिहावेत, शेजारी तक्रारीसाठी जबाबदार माणसाचा फोन क्रमांक असावा. व्यापाऱ्याकडे वीजबिल नसले तरी त्याला दाखवायला आकडा तरी मिळेल.

चौथी, टेप गुंडाळलेले जॉइंट बंद करून योग्य कनेक्टर वापरावेत, प्रत्येक पॅनेलला अर्थिंग आणि गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी असावा. पाण्याच्या मोटरसाठी वेगळी ओळ टाकावी, म्हणजे तिच्या झटक्याने बाकीच्यांचे पंखे डगमगणार नाहीत.

खर्च वाढणार, तो कशासाठी करायचा?

‘पंधरा दिवसांचाच तर बाजार’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. जाड तांब्याची केबल महाग आहे, हे खरे. पण केबल काही पंधरा दिवसांत संपत नाही. ईदनंतर ती गुंडाळून पुढच्या वर्षी वापरता येते, मधल्या काळात महापालिकेच्या इतर तात्पुरत्या कामांना लावता येते. ॲल्युमिनिअमची जाड केबल घेतली तर मुख्य ओळीचा खर्च आणखी खाली येतो. उलट बारीक वायरचाही खर्च होतोच, फक्त तो निविदेत दिसत नाही. जळालेल्या मोटरी, भाड्याचे जनरेटर, त्यांचे डिझेल, प्रत्येकाने आणलेला स्टॅबिलायझर, हे पैसे व्यापाऱ्याच्या खिशातून जातात आणि शेवटी जनावराच्या किमतीत चढतात.

दुसरा आक्षेप असा की व्यापारीच एका पॉइंटवर चार-चार जोडण्या घेतात, त्याला कंत्राटदार काय करणार? यातही तथ्य आहे. मंजूर लोडपेक्षा जास्त वापर आणि परस्पर घेतलेले आकडे ही गंभीर बाब आहे. पण एका पॉइंटवर चार जण तेव्हाच येतात, जेव्हा चार जणांत एकच पॉइंट असतो. जागेचे वाटप आधीच ठरते, तर प्रत्येक जागेला एक पॉइंट आणि त्यावर ठरावीक अँपिअरचा एमसीबी देणे अवघड नाही. मग जादा लोड टाकणाऱ्याचीच वीज जाईल, सगळ्या रांगेची नाही.

ही कामे ईदच्या आठवड्यात सुचून उपयोग नाही, कारण तेव्हा मंडप उभे असतात आणि वायर पडलेली असते. पुढच्या बाजाराची निविदा निघण्याआधी या चार अटी तिच्यात आल्या पाहिजेत. आणि बाजार भरल्यावर पहिल्याच रात्री आठ वाजता महापालिकेच्या अभियंत्याने मल्टिमीटर घेऊन शेवटच्या रांगेत जायला हवे.